फाटकावरचा जॉबर आणि फाटकावरचा फलक



नोकरीचा कायदा हा विषय व्याख्यानाला घेतला की श्रोत्यांच्या मनात दोन शंका येतात. हा वकिलांचा विषय, यात आपल्याला काय कळणार, ही पहिली. आणि वक्ता एक तर मालकांची बाजू घेणार किंवा कामगारांची, ही दुसरी. पहिलीचे उत्तर सोपे आहे. येथे बसलेल्यांपैकी बहुतेकजण कोणाचे तरी नोकर आहेत, काहीजण कोणाचे तरी मालक आहेत, आणि कारखान्याचे व्यवस्थापक म्हणून काम करणारे जे कोणी असतील ते बिचारे एकाच वेळी दोन्ही आहेत. दुसऱ्या शंकेबद्दल आम्ही आधीच काही सांगत नाही. ज्याने त्याने ऐकून ठरवावे.

आम्हाला आज एकच प्रश्न घ्यावयाचा आहे. माणसाला कामावर घेण्याचा आणि कामावरून काढण्याचा अधिकार नेमका कोणाच्या हातात होता? कायद्याने तो आमच्या हातून काढून घेतला, अशी मालकवर्गाची जुनी तक्रार आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास चाळू लागलो तेव्हा आम्हाला निराळेच दिसू लागले. जो अधिकार कायद्याने पुढे बांधून टाकला, तो मालकाच्या हातात पूर्वी फारसा नव्हताच.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे काम सुरू झाले. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत गिरण्या भराभर वाढल्या आणि रत्नागिरी, सातारा या बाजूंनी माणसांचा लोंढा मुंबईत उतरला. ही माणसे गिरणीत घेतली कोणी? मालक कचेरीत किंवा शेअरबाजारात. व्यवस्थापक आणि विणाईखात्याचा प्रमुख पुष्कळ वेळा पारशी किंवा इंग्रज, त्याला यंत्रे समजत, माणसांची भाषा समजत नसे. मधली जागा जॉबरने भरून काढली. जॉबर हा मुळात खात्यातला मुकादम. साचे नीट चालतात की नाही हे पाहणे, बिघडले तर दुरुस्त करणे, माणसांकडून काम करून घेणे, हे त्याचे काम. पण त्याच्या हाती त्याहून मोठी गोष्ट आली होती: सकाळी भोंगा होण्याआधी फाटकावर जे लोक काम मिळेल या आशेने उभे राहत, त्यांतून कोणाला आत घ्यायचे हे तोच ठरवी. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी.

जॉबर आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्या चाळीतला माणूस आणी. त्याला राहायला खोली, खाणावळ, वाण्याकडे उधारी, हे सगळे जॉबरच्या ओळखीने लागे. गिरणीचा पगार महिन्याचा, आणि तोही पुढल्या महिन्याच्या मध्याला हाती पडे. म्हणजे नव्या माणसाला दीड महिना उसनवारीवर काढावा लागे. उसने द्यायला जॉबर होताच, किंवा जॉबरचा सावकार होता. काम मिळाले म्हणून दस्तुरी, काम टिकावे म्हणून दस्तुरी, रजेवरून परत आल्यावर पूर्वीची जागा मिळावी म्हणून पुन्हा दस्तुरी. जॉबरची मर्जी गेली की माणूस गेला. त्याला कोणी लेखी काही देत नसे, कारण घेतानाही कोणी लेखी काही दिलेले नसे.

जॉबरला नुसता खलपुरुष ठरविणे आम्हाला पटत नाही. परक्या शहरात उतरलेल्या कोकणी पोराला तोच एक आधार होता. आजारपणात त्यानेच पैसे दिले, भांडणात तोच मध्ये पडला. संपाच्या वेळी काही जॉबर माणसे बाहेर काढीत, काही आत नेत. त्याची सत्ता त्याच्या माणसांच्या विश्वासावरही उभी होती. पण विश्वासाला दाद मागण्याची सोय नसते.

आता त्या काळचा कायदा पाहा. कामगाराच्या बाजूने काही लिहिले जाण्याआधी त्याच्याविरुद्ध लिहिले गेले होते. कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांच्या अर्जावरून १८५९ साली करारभंगाचा तेरावा कायदा झाला. कारागिराने किंवा मजुराने उचल घेतली आणि काम सोडले, तर मॅजिस्ट्रेटने त्याला उचल परत करायला किंवा काम पुरे करायला हुकूम द्यावा. हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद. मालकाने करार मोडला तर त्याला तुरुंग नव्हता. हा कायदा १९२६ सालापर्यंत पुस्तकात राहिला. नोकरीचा कायदा मालकांवर लादला गेला असे म्हणणाऱ्यांनी ही सदुसष्ट वर्षेही हिशेबात धरावीत.

कामाच्या तासांचा कायदा पुढे आला तो काही अंशी लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या ओरडीमुळे, ही गोष्ट खरी आहे. १८७५ साली मुंबई सरकारने चौकशी आयोग नेमला. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी कायद्यासाठी पुष्कळ खटपट केली. आणि १८८१ चा पहिला कारखाना कायदा झाला. शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्यात सात वर्षांखालील मूल कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तासांहून अधिक राबवू नये, एवढीच त्याची मजल. आपली त्या वेळची राष्ट्रीय वृत्तपत्रे या कायद्यांवर तुटून पडली होती. इंग्रज आपला धंदा बुडवायला निघाला आहे, हे त्यांना दिसत होते. सात वर्षांचे पोर साच्याजवळ उभे आहे, हे तितकेसे दिसले नाही. पुण्यामुंबईच्या सुशिक्षितांना हे ऐकायला आवडणार नाही, पण ते लिहून ठेवलेले आहे.

ज्यांना दिसले त्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव पहिले. गिरणीत भांडारपालाचे काम केलेला हा जोतीरावांचा अनुयायी 'दीनबंधू'चा संपादक झाला. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजारांवर सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि अपघातात जायबंदी झालेल्याला काही भरपाई, या त्यांच्या मागण्या. रविवारची सुटी १८९० च्या १० जूनला गिरणीमालकांनी मान्य केली. आम्हाला त्या अर्जात लक्षात घेण्यासारखे वाटते ते पगाराच्या तारखेचे कलम. तारीख ठरली की उसनवारी कमी होते, आणि उसनवारी कमी झाली की जॉबरची पकड ढिली पडते. पण पगाराची तारीख कायद्यात यायला १९३६ साल उजाडावे लागले.

तास पुढे कमी होत गेले. १९११, १९२२, १९३४ आणि १९४८ असे त्याचे टप्पे, आणि शेवटी आठवड्याचे ४८ तास ठरले. त्यात आज शिरत नाही. कामावर घेण्या-काढण्याचा प्रश्न मात्र या सर्व काळात कायद्याच्या बाहेरच होता.

तो आत आला १९२८ साली. त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे सहा महिने मुंबईतील गिरण्यांचा सार्वत्रिक संप झाला; दीड लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते. एका विणकराने अधिक साचे सांभाळावेत ही मालकांची नवी पद्धत, दरांतली कपात, ही त्याची ठळक कारणे. संपानंतर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली आणि तिच्यापुढे दरांच्या कोष्टकांबरोबर आणखी एक कागद आला. तो म्हणजे गिरणीमालकांच्या संघाने तयार केलेले स्थायी आदेश. कामगाराने केव्हा यावे, उशीर झाला तर काय, रजा कोणाकडे मागावी, कोणत्या कृत्याला दंड, नोकरी सुटताना किती दिवसांची सूचना. कामगारपुढाऱ्यांनी त्या कागदातील कलम न् कलम वादाला घेतले.

वरवर पाहता ही मालकांची शिस्तीची नियमावली. पण ती वादासाठी समितीपुढे येताच एक गोष्ट घडून गेली: मालकांनी आपण होऊन लिहून दिले की काढण्याला कारण लागते आणि ते कारण आधी जाहीर केलेले असावे लागते. जॉबरच्या सत्तेत हे दोन्ही नव्हते. आमच्या मते मुंबईच्या नोकरीच्या कायद्याचा खरा आरंभ या कागदात आहे. १८८१ च्या कायद्यात तितका नाही.

१९३१ साली व्हिटली आयोगाचा अहवाल आला. आयोगाने जॉबरचे वर्णन केले ते बरेचसे आपण आताच पाहिले तसेच. त्यावर त्याने सुचविलेला उपाय असा की, प्रत्येक मोठ्या कारखान्यात मजूर अधिकारी नेमावा; त्याने खातेप्रमुखांशी बोलून स्वतः माणूस निवडावा; आणि व्यवस्थापकाने स्वतः काढले तर गोष्ट वेगळी, एरवी या अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय कोणाला काढू नये. आज ज्याला मनुष्यबळ व्यवस्थापक म्हणतात त्याची ही जन्मकुंडली आहे. जॉबरची खुर्ची रिकामी करून तीवर बसविण्यासाठी तो जन्माला आला, आणि प्रथम बसविला तो अर्थात जॉबरांच्या विरोधातच. गिरण्यांनी हे मनापासून केले असे नाही. मजूर अधिकारी नावाला नेमायचा आणि माणसे पूर्वीप्रमाणे जॉबरकडूनच घ्यायची, हा मार्ग पुष्कळांनी धरला. तो सोयीचा होता.

१९३४ च्या संपानंतर मुंबई सरकारने समेटाचा कायदा केला आणि सरकारी मजूर अधिकारी नेमला. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांची पद्धत सुधारण्याची योजना आणली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठराविक बदल्यांना कार्डे द्यायची आणि कोणी गैरहजर राहिला की त्याच्या जागी आधी कार्डवाल्यांतून घ्यायचे. कार्ड हातात आले म्हणजे फाटकावर उभ्या राहणाऱ्या माणसाला प्रथमच काही दाखविता येऊ लागले. एवढ्याशा पुठ्ठ्याने जॉबरची दस्तुरी संपली नाही, पण तिला जागा बदलावी लागली.

१९३६ चा पगारवाटपाचा कायदा लहान, पण घराघरात पोचलेला. हजारांहून कमी माणसे असतील तेथे सात तारखेच्या आत आणि मोठ्या कारखान्यात दहाच्या आत पगार. दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक नाही. आणि कोणत्या चुकीला दंड होईल त्याची यादी आधी लावलेली हवी. त्यापूर्वी गिरण्यांत दुहेरी खाड्याची रीत होती. एक दिवस खाडा केला तर दोन दिवसांचा पगार कापायचा. विणताना कापड बिघडले तर ते विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करीत. आता गैरहजेरीची कपात गैरहजेरीइतकीच झाली. एका व्यवस्थापकाच्या वहीतल्या बेरजेचा हा फरक, पण चाळीतल्या महिनाअखेरीचाही होता.

१९३८ साली खेर मंत्रिमंडळाने मुंबई औद्योगिक विवाद कायदा आणला. संप करण्यापूर्वी समेटाची सगळी पायरी चढून जाण्याची त्यात सक्ती होती, म्हणून डॉ. आंबेडकर आणि कम्युनिस्ट पुढारी यांनी एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप घडविला. त्या दिवशी गोळीबारही झाला. संपाच्या हक्काला त्या कायद्याने मुरड घातली हा आक्षेप आम्हाला आजही बरोबर वाटतो. पण त्याच कायद्याच्या पोटात दुसरी एक तरतूद होती, जिच्याविषयी रस्त्यावर कोणी बोलले नाही. स्थायी आदेश करणे मालकावर बंधनकारक झाले. ते मजूर आयुक्ताने ठरवून द्यायचे, आणि त्यावर औद्योगिक न्यायालयाकडे जाता यायचे. एका कायद्यात दोन प्रकारचे न्याय असू शकतात, आणि इतिहास लिहिताना ते एकमेकांत मिसळू नयेत.

१९४६ मध्ये मध्यवर्ती स्थायी आदेश कायदा झाला. शंभर माणसांच्या कारखान्याला तो लागू. महाराष्ट्रात पुढे ही मर्यादा पन्नासवर आली. आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, फाटकाजवळ, फलकावर लावले पाहिजेत असे त्यात लिहिले होते. ज्या जागी जॉबर उभा राहत असे, त्याच जागी हा फलक लागला. किती कामगारांनी तो वाचला, हा प्रश्न आम्हाला विचारू नये. परंतु ज्या दिवशी काम गेले त्या दिवशी तो पुष्कळांनी दुसऱ्याकडून वाचून घेतला असेल. आणखी एक उणीव होती. मालकाचे आदेश न्याय्य आहेत की नाहीत हे पाहण्याचा अधिकार प्रमाणित करणाऱ्या अधिकाऱ्याला पहिली दहा वर्षे नव्हता. तो १९५६ च्या दुरुस्तीने मिळाला.

मालकांना खरा धक्का बसला तो १९४९ साली. मुंबईतील एका मोटारविषयक संस्थेचा वाद फेडरल कोर्टापुढे गेला. मालकपक्षाचे म्हणणे असे की, करार मोडला तर नुकसानभरपाई द्यावी, पण नको असलेला नोकर पुन्हा घेण्याची सक्ती कोणतेच न्यायालय करू शकत नाही. इंग्रजी करारकायद्यात असे कधी झालेले नाही. कोर्टाने सांगितले की औद्योगिक लवादाचे काम निराळे आहे, आणि काढलेल्या कामगाराला कामावर परत घ्या असा हुकूम त्याला देता येतो. १८५९ च्या कायद्याने न्यायाधीश कामगाराला कामावर परत पाठवू शकत होता. नव्वद वर्षांनी न्यायाधीश मालकाला तेच सांगू लागला.

येथून पुढे व्यवस्थापकाची ती डोकेदुखी सुरू होते जिला खात्यातली चौकशी म्हणतात. समजा, एका विणकराने पाळीत खातेप्रमुखाला शिवी दिली. पूर्वी गोष्ट दहा मिनिटांत संपली असती. आता आरोप लेखी द्यायचा. उत्तराला वेळ द्यायचा. ज्याला शिवी दिली त्याने स्वतः चौकशी करायची नाही. साक्षीदार कामगारासमोर तपासायचे आणि त्याला उलटप्रश्न विचारू द्यायचे. मग निष्कर्ष, मग शिक्षा, आणि शिक्षा ठरविताना त्याची मागली नोकरी पाहायची. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका पोलाद कंपनीच्या खटल्यात सांगितले की, मालकाच्या निर्णयात लवादाने केव्हा हात घालावा: हेतू शुद्ध नसेल, आकसाने बळी घेतला असेल, नैसर्गिक न्याय डावलला असेल, किंवा निष्कर्षाला पुराव्याचा आधारच नसेल तेव्हा. १९७१ मध्ये कायद्यात ११-अ हे कलम आले आणि शिक्षा जड आहे का हे पाहण्याचाही अधिकार लवादाला मिळाला.

हे सारे त्रासाचे आहे यात शंका नाही. चौकशी लांबते, माणूस निलंबित राहतो, १९८२ च्या दुरुस्तीनंतर त्याला पहिले नव्वद दिवस निम्मा आणि पुढे पाऊण पगार निर्वाहभत्ता म्हणून द्यावा लागू लागला. पुष्कळ मालक हरले ते कामगार निर्दोष होता म्हणून नव्हे, तर आरोपपत्र मोघम होते किंवा कागद पुरा नव्हता म्हणून. पण ज्या व्यवस्थापकाला आपल्या खातेप्रमुखाने काय केले हे या चौकशीतच प्रथम कळते, त्याच्या हातात त्यापूर्वी अधिकार होता असे कसे म्हणावे? चौकशीने मालकाला आपल्याच फाटकाच्या आत पाहायला लावले.

कायदा आला की त्याला वळसा घालणेही येते. काढायला कारण लागते तर मुळात कायम करायचेच नाही, ही युक्ती निघाली. मुंबईच्या नमुना स्थायी आदेशांत २४० दिवस सलग काम केलेल्या बदलीला वा तात्पुरत्याला कायम करण्याची तरतूद होती. म्हणून त्याच्या आधीच 'ब्रेक' द्यायचा, आठ-पंधरा दिवसांनी नव्या तारखेने परत घ्यायचा. ज्या माणसाने सात वर्षांत सात वेळा नेमणूक घेतली त्याची नोकरी कागदावर कधी वर्षाचीही होत नसे. महाराष्ट्राने १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा केला त्यात, कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून कामगाराला वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरता ठेवणे ही अनुचित प्रथा ठरविली. 'बदली' हा गिरणीच्या फाटकावरचा शब्द अशा रीतीने कायद्याच्या परिशिष्टात जाऊन बसला.

अलीकडचे सांगून थांबतो. १९२६, १९४६ आणि १९४७ चे तीन कायदे एकत्र करून २०२० साली औद्योगिक संबंध संहिता झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. स्थायी आदेशांची मर्यादा तीत ३०० माणसांवर गेली आहे. पन्नास ते तीनशे माणसांची वस्ती ज्या कारखान्यांत आहे, तेथे फाटकावरचा फलक लावण्याची सक्ती उरली नाही. त्याच दिवशी अमलात आलेल्या दुसऱ्या संहितेने मात्र प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे आवश्यक केले. गिरणीतल्या माणसाला जे कधी मिळाले नाही ते हे. पत्रात हुद्दा आणि पगार असेल. कोणत्या कारणाने काढता येईल आणि त्यापूर्वी कोण ऐकून घेईल, हे लहान कारखान्यातल्या माणसाला कोठे वाचायला मिळणार, हे आम्हाला दिसत नाही.

आणि जॉबर? परळ-लालबागच्या पुष्कळ गिरण्यांच्या जागी आता कचेऱ्या आणि दुकाने उभी आहेत. फाटकावरचा पहारेकरी, झाडणारी बाई, माल उचलणारा हमाल यांतला बहुतेकजण आत काम करतो, पण आतल्या कंपनीचा नोकर नसतो. त्याला कंत्राटदाराने आणलेले असते, आणि पुष्कळदा आपल्याच गावाहून. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात असे होते की, कंत्राटदार पगार वाटतो तेव्हा मूळ मालकाने नेमलेला माणूस तेथे हजर हवा, आणि कंत्राटदाराने पगार बुडविला तर तो मूळ मालकाने भरावा. भरण्याची जबाबदारी नव्या संहितेतही आहे. पगार आता बहुधा बँकेतून जातो, त्यामुळे वाटपाच्या टेबलाशी कोणी हजर राहत नाही.